डॉ. कमल रणदिवे: उंदरांच्या पिढ्यांमधून कॅन्सर समजून घेणारी शास्त्रज्ञ

8 नोव्हेंबर 2021 ला फोनवर गूगल उघडलं असेल, तर मायक्रोस्कोपमध्ये बघणाऱ्या एका बाईंचं डूडल दिसलं असेल. त्या डॉ. कमल रणदिवे. त्या दिवशी त्यांची 104 वी जयंती होती.

आमच्या जळगाव-धुळ्याकडे कॅन्सरचं निदान झालं की घरात लगेच प्रश्न येतो, टाटाला कधी निघायचं? परळच्या त्या हॉस्पिटलात किमो मिळते, रेडिएशन मिळतं. रेडिएशनला आपली मंडळी शेक म्हणतात. लहानपणी हे उपचार घेऊन बरी झालेली मुलं जगभरात आता मोठी होतायत आणि डॉक्टरांना एक गोष्ट दिसतेय. त्यांच्यातल्या अनेकांचं शरीर वयाआधीच थकतं. म्हातारपणीचे आजार तिशी-चाळिशीत गाठतात. असं का होतं आणि ते रोखता येईल का, हे शोधायला माणसांवर वाटेल तसे प्रयोग करता येत नाहीत. तिथे उंदीर लागतो. आणि कॅन्सरच्या संशोधनासाठी उंदरांवर भारतात ज्यांनी सुरुवातीचं काम केलं, त्यात कमलताईंचं नाव ठळक आहे.

सीताफळापासून कॅन्सरपर्यंत

त्यांचा जन्म 1917 चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं असं वडिलांना वाटत होतं, पण तिने जीवशास्त्र निवडलं. 1939 मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं. 1943 मध्ये एम.एस्सी. झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये कामाला लागल्या. तिथे डॉ. वसंत खानोलकर मार्गदर्शक मिळाले. 1949 मध्ये पीएच.डी. झाली. मग फेलोशिपवर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवायचं तंत्र त्या तिथे शिकल्या आणि मुंबईत परत येऊन त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. देशातली ही अशी पहिली लॅब मानतात.

उंदराचं मॉडेल म्हणजे काय?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. प्रत्येक फोनवर वेगळं व्हर्जन असेल तर बग नेमका कुठे आहे ते सापडत नाही. आधी सगळीकडे एकच व्हर्जन हवं, मग त्यात एकच बदल करून बघायचं.

उंदरांचंही तसंच. भाऊ-बहिणीची जोडी लावत किमान 20 पिढ्या काढल्या की त्या जातीतले सगळे उंदीर जनुकांनी जवळपास सारखे होतात. उंदरीण तीन आठवड्यांत वितेʼ, आणि उंदीर जगतो साधारण दोन-तीन वर्षं. म्हणजे बालपण ते म्हातारपण, सगळं आयुष्य आपल्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत बघून होतं.

कमलताईंनी खानोलकरांसोबत अशा चार जातींच्या उंदरांच्या निरोगी स्तनग्रंथींची तुलना केली. या जातींना स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता कमी-जास्त होती. म्हणजे आजार होण्याआधीच फरक कुठे दिसतो, हा त्यांचा प्रश्न. पुढे कॅन्सरचा धोका, हार्मोन्स आणि विषाणू यांचं नातं त्यांनी उलगडलं. रक्ताच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरवरही काम केलं. 1966 ते 1970 त्यांनी सेंटरचं संचालकपद सांभाळलं. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं.

तीच पद्धत, आजचा प्रश्न

आता रेडिएशनकडे येऊ. त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण शेजारच्या चांगल्या पेशींनाही मार बसतो. त्यातल्या काही मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. नुसत्या पडून राहतात आणि आजूबाजूला सूज वाढवणारी रसायनं सोडतात. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या टीमने उंदरांना जीव जाणार नाही इतकं रेडिएशन दिलं. ते उंदीर लवकर कमजोर झाले. मग काहींना या पडीक पेशी मारणारी औषधं थोडे दिवस दिली, काहींना डायबेटिसची मेटफॉर्मिन दिली. त्यांची कमजोरी वाढण्याचा वेग कमी झाला. हे निष्कर्ष 2022 मध्ये छापून आले.

पण लगेच घरातली मेटफॉर्मिन कुणाला देऊ नका! उंदरात जमलं ते माणसात जमेलच असं नाही. उंदरांमध्ये स्तनाचा कॅन्सर करणारा विषाणू दुधातून पिल्लात जातो हे पक्कं आहे, पण माणसात तसा विषाणू आजवर सिद्ध झालेला नाही. मॉडेल दिशा दाखवतं, शेवटचं उत्तर माणसांवरच्या रीतसर चाचण्यांतूनच मिळतं.

कमलताईंचं कामही लॅबमध्ये संपलं नाही. 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या होत्या. पुढे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, आदिवासी पाड्यांवर, त्यांनी बायका-मुलांच्या कुपोषणावर काम केलं. 11 एप्रिल 2001 ला त्या गेल्या. त्यांची संस्था आता खारघरला ॲक्ट्रेक या नावाने चालते. पुढच्या वेळी ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ असा फॉरवर्ड आला, तर एवढंच विचारा: माणसांवर चाचणी झाली का?