जोतीराव आणि अमेरिकेचा धडा

पुण्याच्या माळ्याच्या घरी १८२७ साली जन्मलेल्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला व तो अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या लोकांस अर्पण केला. कृष्णवर्णीयांस दास्यमुक्त करणाऱ्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांविषयी गिरवावा, हा त्यांचा हेतू. ज्या गृहस्थाने १८४८ साली पत्नी सावित्रीबाईंच्या साह्याने मुलींची शाळा काढली आणि १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, त्यास हे सांगण्याचा अधिकार होता.

परंतु दास्य गेले म्हणजे सत्तेत वाटा मिळतोच असे नाही. अमेरिकेत १८७० च्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. तरीही १८७३ च्याच एप्रिलात लुइझियानातील कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या तंट्यातून अनेक कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील आरोपींच्या शिक्षा टिकू दिल्या नाहीत.

त्याच १८७६ साली जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद झाले, तेही मतांनी नव्हे, सरकारी नेमणुकीने. तथापि नेमलेला सभासद मिंधाच असतो हा समज त्यांनी खोटा ठरविला. व्हाइसरॉयच्या स्वागतार्थ हजार रुपये खर्चण्यास एकट्याने विरोध करून, तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा असे त्यांनी सुचविले. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. १८८८ साली मुंबईकरांनी त्यांस ‘महात्मा’ पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्याच नोव्हेंबरात मिसिसिपी संस्थानाने नवी घटना मंजूर करून मतदानास डोईपट्टी व वाचनाची कसोटी जोडली. ज्यांस पिढ्यानपिढ्या शाळा नाकारली, त्यांसच अक्षरशत्रू म्हणून मत नाकारावयाचे, अशी ही युक्ती! तिचा बंदोबस्त होण्यास १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

आपल्या राज्यघटनेने मतास शिक्षणाची वा मालमत्तेची अट ठेविली नाही. १९५० साली अंधेरीपर्यंतची उपनगरे मुंबई महापालिकेत आली, त्यांत वाकोलाही आले. कायदा आपल्या बाजूस आहे. परंतु मतदारयादीत नावच नसेल तर कायदा काय करील? वाकोल्याच्या व्यापारी बंधूंनी आपल्या हमालाचे व मोलकरणीचे नाव यादीत आहे काय, एवढे तरी विचारावे. जोतीरावांच्या तसबिरीस हार घालण्यापेक्षा हे काम त्यांस अधिक रुचले असते.