थोरल्या माधवरावांचे हिवाळे

कार्तिक संपत आला की हैदराबादेत सायंकाळी शाल लागू लागते. दिवेलागण झाली, जेवणे लवकर आटोपली की शहाअलीबंड्यापासून काचीगुड्यापर्यंत मराठी घरांतील मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसतात आणि पेशवाईतील एखादी मालिका सुरू होते. समईचा उजेड, नऊवारी शालू, पगड्या, झोपाळ्यावरचे हळू आवाजातले बोलणे यांत घटका दोन घटका कशा गेल्या ते कळत नाही. ही करमणूक कोणी कमी लेखू नये. आपले आजे-पणजे हेच नाटकगृहात पाहत, फरक इतकाच की त्यांना तिकीट काढावे लागे आणि परत येताना थंडी वाजे.

या मालिकांचा सर्वांत लाडका नायक म्हणजे थोरले माधवराव पेशवे. मराठीतील पहिले ऐतिहासिक नाटक १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी लिहिले, ते माधवरावांवरच. संस्कृत नाटकाची रीत मोडून त्यांनी ते शोकान्त केले आणि प्रेक्षकांनी ते मान्य केले. मग १९४४ साली ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ आला. १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली आणि रमा-माधव ही जोडी घराघरांत शिरली. त्या कादंबरीवरील मालिका मुंबई दूरदर्शनने १९८० नंतरच्या दशकात दाखविली. तिचे दिग्दर्शक गजानन जागीरदार. चाळीस वर्षांपूर्वी ‘रामशास्त्री’ चित्रपटात रामशास्त्र्यांची भूमिका त्यांनीच केली होती. त्या मालिकेत रमाबाई झालेल्या मृणाल देव-कुलकर्णी यांनी पुढे २०१४ मध्ये ‘रमा माधव’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. २०१९ मध्ये ‘स्वामिनी’ आली. दीडशेहून अधिक वर्षे एका माणसावर ही माया आहे. हा माणूस सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याचे हैदराबादशी नाते होते ते बहुधा रणांगणावरचे, आणि ते आपल्यासारख्या येथे रुजलेल्या घरांना जरा अवघड जागीचे आहे.

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मधला. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते दुसरे चिरंजीव. गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या कन्या. थोरले विश्वासराव असल्यामुळे माधवरावांकडे गादी येईल असे कोणाच्या मनात नव्हते. १७५३ च्या डिसेंबरात मिरजेच्या जोशी घराण्यातील रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा नवऱ्या मुलाला नववे वर्षही पुरे नव्हते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले. जूनमध्ये नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. २० जुलैला छत्रपती रामराजांकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली ती सोळा वर्षांच्या मुलाला. त्याच्या वाट्याला रिकामा खजिना, सावकारांची देणी, मेलेल्या सरदारांची पोरकी पथके आणि जवळ उभा असलेला महत्त्वाकांक्षी चुलता आला. रघुनाथरावांनी अटकेपर्यंत मजल मारलेली होती. पुतण्याच्या हाताखाली वागणे त्यांना जड जाणे स्वाभाविक होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालिकेत माधवराव बहुधा वाड्यात दिसतात: सदरेवर, देवघरात, रमाबाईंच्या महाली. वस्तुतः त्या काळचा मोहिमेचा हंगाम दसऱ्याला सुरू होई आणि मृगापर्यंत चाले. थंडीचे दिवस म्हणजे घोड्यावर बसण्याचे दिवस. त्यामुळे ज्या उबदार सायंकाळी आपण त्यांना शनिवारवाड्यात पाहतो, त्या सायंकाळी ते बहुतेक वेळी डेऱ्यात असत आणि रमाबाई पुण्यास वाट पाहत असत. त्यांचे हिवाळे एकामागून एक मोजले की चरित्र आपोआप सांगून होते.

पहिलाच हिवाळा निजामाचा. १७६१ च्या अखेरीस निजामअली पुण्याच्या रोखाने चालून आला. वाटेत टोके-प्रवरासंगमाच्या देवळांना त्याच्या फौजेने उपद्रव दिला. तो त्याच्याच पदरच्या रामचंद्र जाधवांना सहन झाला नाही आणि ते मराठ्यांकडे आले. निजाम पुण्याजवळ उरुळीपर्यंत पोचला, पण कोंडला गेला. रघुनाथरावांनी मात्र त्याला सौम्य अटींवर सोडून दिले. पुतण्याला हे रुचले नाही. चुलत्याच्या मनातला हिशेब वेगळा होता. पुढे घरात भांडण झालेच तर निजाम हाताशी असावा.

तसेच झाले. १७६२ च्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या थंडीत, चुलता-पुतणे घोड नदीवर आणि मग आळेगावला समोरासमोर आले. निजामाची मदत रघुनाथरावांना होती. माधवरावांना हार खावी लागली. तेव्हा राज्याचे दोन तुकडे करून पळ काढण्यापेक्षा ते आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेले आणि त्याच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या मुलाने केलेले हे काम आम्हांला त्याच्या पुढील सर्व विजयांपेक्षा मोठे वाटते. मालिकांत या प्रसंगाला एखादा भाग मिळतो. खरे तर तो दोन भागांचा ऐवज आहे.

सत्ता हाती येताच रघुनाथरावांनी जुने वैर काढले. मिरजेच्या गोपाळराव पटवर्धनांसारखे सरदार दुखावून निजामाकडे गेले. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे मिळाले. १७६३ च्या उन्हाळ्यात मोठे विचित्र युद्ध झाले. मराठ्यांची फौज निजामाचा मुलूख लुटीत थेट हैदराबादच्या वेशीपर्यंत आली आणि त्याच सुमारास निजामाच्या फौजेने पुणे जाळले. पुण्याची बायकामुले सिंहगडाकडे पळाली. पुणे जाळणाऱ्या फौजेत मराठी सरदार होते आणि हैदराबादेच्या आसपास ज्यांची घरे लुटली गेली त्यांतही मराठी माणसे असतील. पडद्यावर एका बाजूस भगवा आणि दुसऱ्या बाजूस दाढीवाला निजाम इतकेच दिसते. पटकथेला तेवढे पुरते.

१० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे निकाल लागला. हे गाव आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. नदीला पूर आलेला. निजामअली पलीकडच्या तीराला उतरून गेला होता आणि मागे राहिलेली फौज त्याचा दिवाण सांभाळीत होता. हा दिवाण म्हणजे विठ्ठल सुंदर. मराठी ब्राह्मण, असफजाही दरबाराचा कर्ता पुरुष, राजा प्रतापवंत हा त्याचा किताब. जानोजी भोसल्यांना मराठ्यांनी आधीच फोडून घेतले होते. लढाई निकराची झाली. रघुनाथरावांचा हत्ती शत्रूने वेढला तेव्हा अठरा वर्षांचे माधवराव ताज्या दमाची माणसे घेऊन धावले आणि ज्या चुलत्याने वर्षापूर्वी त्यांना नजरकैदेत टाकले होते त्याला सोडवून आणले. विठ्ठल सुंदर त्या दिवशी कामास आला. पलीकडच्या तीरावरून निजामाला काही करता आले नाही. औरंगाबादेच्या तहात ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला.

पडद्यावर विठ्ठल सुंदराला खलपुरुषाहून अधिक जागा मिळत नाही. आमची एक तक्रार आहे ती येथे. याच वर्षी निजामअलीने राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस हलविली आणि तिच्याबरोबर दफ्तर आले, कारकून आले, देशपांडे-देशमुखांचे वकील आले. दफ्तर-इ-दिवाणी रायरायां या मराठी देशस्थ घराण्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आज मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तके बदलायला जाणाऱ्या कित्येक घरांचे मूळपुरुष त्या काळी राक्षसभुवनाच्या दुसऱ्या बाजूला मीठ खात होते. मीठ खाल्ले त्याला ते जागले. माधवरावांचा विजय पाहताना आपण टाळ्या वाजवितो, वाजवाव्यात. पण पुरात अडकलेल्या धन्याची फौज सांभाळता सांभाळता मेलेला तो दिवाणही आपल्याच भाषेत हिशेब लिहिणारा होता, हे आपण नाही आठवायचे तर कोणी? पुण्याच्या लेखकाने ते लिहावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

माधवरावांनी स्वतः हे वैर कायमचे धरले नाही. १७६६ च्या आरंभी कुरुमखेड येथे त्यांची व निजामअलीची भेट झाली आणि दोघांत सलोखा ठरला. हा हिवाळा हैदराबादच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा म्हणावा लागेल. तो कोणत्याही मालिकेत फार वेळ टिकत नाही, कारण दोन राज्यकर्त्यांनी एकत्र बसून बोलणे यात तलवारी नाहीत.

बाकीचे हिवाळे कर्नाटकात आणि विदर्भात गेले. हैदरअलीवर त्यांनी स्वाऱ्या केल्या. १७६४ मध्ये तर पावसाळाही कर्नाटकातच काढला. १७६७ मध्ये शिरे आणि मदगिरी घेतली व मदगिरीच्या किल्ल्यात हैदराने अडकवून ठेवलेल्या बिदनूरच्या राणीची सुटका केली. १७६८ च्या जूनमध्ये धोडपला रघुनाथराव पुन्हा उठले, तेव्हा मात्र त्यांना पकडून शनिवारवाड्यात आणून ठेवावे लागले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जानोजी भोसल्यांशी कनकापूरचा तह झाला. उत्तरेत रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांना पाठविले. त्यांनी १७७१ मध्ये दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शहाआलम मराठ्यांच्या पाठबळावर आपल्या राजधानीत परतला. पानिपताला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ग्रँट डफने माधवरावांच्या मृत्यूविषयी काय लिहिले ते शाळेत सर्वांनी पाठ केले आहे, म्हणून येथे देत नाही.

कारभारात ते कडक होते. वेठबिगारीवर त्यांनी बंदी घातली, अधिकाऱ्यांच्या जुलमाची दाद घेतली आणि रामशास्त्र्यांना न्यायाच्या कामी मोकळा हात दिला. राजा स्नानसंध्येत व जपात फार वेळ घालवू लागला तेव्हा शास्त्र्यांनी काशीला जाण्याची तयारी दाखवून त्यांना भानावर आणले, ही गोष्ट परंपरेने सांगतात. ती ऐकून घेणारा धनी होता, म्हणून ती गोष्ट झाली. परंतु माधवराव स्वभावाने कोपिष्टही होते. शिक्षा करताना हात आखडता घेत नसत आणि आजार वाढला तसा राग वाढला. आईशीही त्यांचे जुळले नाही. गोपिकाबाई अखेर नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. पडद्यावरचा माधवराव बहुधा सौम्य, डोळ्यांत पाणी आणणारा असतो. रामशास्त्री ज्याच्याशी बोलताना शब्द तोलीत असतील तो माणूस निराळा होता.

रमाबाईंविषयी तर अस्सल कागदांत फारच थोडे आहे. घरी आपल्याला भुलवितो तो त्यांचा संवाद, त्यांचे रुसणे, त्यांचा झोपाळा, हे बरेचसे लेखकाचे देणे आहे. यात वाईट काही नाही. शनिवारवाडाही १८२८ साली जळाला आणि मागे जोते, तट व दरवाजे एवढेच राहिले. नेपथ्यकार जो महाल उभारतो तो कल्पनेनेच. मात्र कादंबरी वाचून झाल्यावर ज्यांना ती बखर वाटू लागते, त्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

क्षयाची व्यथा १७७० च्या सुमारास उघड झाली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात कर्नाटकात उतरायचे म्हणून ते निघाले आणि मिरजेहून परत फिरावे लागले. मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांकडे सोपविली. १७७१ च्या मार्चमध्ये पेठ्यांनी मोती तलावाच्या लढाईत हैदराला पार मोडले, पण धनी तेथे नव्हता. दसऱ्याला स्वार होणारा हा पेशवा आता पालखीतून हिंडू लागला. थेऊरच्या चिंतामणीवर त्यांची भक्ती. तेथल्या देवळाचा लाकडी सभामंडपही त्यांनीच बांधविलेला. शेवटचे दिवस त्यांनी तेथेच काढले. मृत्यूपूर्वी दीड-दोन महिने नऊ कलमांची यादी करून ठेवली. कर्जे फेडावीत, रयतेला त्रास होऊ नये, चुलत्याचा बंदोबस्त राहावा, असा तिचा रोख होता. पानिपतानंतर घराण्यावर चढलेले ऋण हा त्यांच्या मनाला लागलेला घोर होता. मरणाऱ्या माणसाने आधी त्याची तरतूद केली.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी, कार्तिक वद्य अष्टमीला, देवळाच्या आवारातच त्यांनी प्राण सोडला. रमाबाई सती गेल्या. मूल नव्हते. मुळा-मुठेच्या काठी त्यांचे वृंदावन आहे. पडद्यावर येथे सनई थांबते, ज्वाळा दिसतात आणि पाहणाऱ्यांचे डोळे भरतात. आम्हांला मात्र त्या ज्वाळा सुंदर करून दाखविणे खटकते. विशी-बाविशीच्या एका बाईचे आयुष्य तेथे संपले. तिच्या पतीने हयातभर ज्या रूढींना कायद्याने आळा घातला त्यांत ही नव्हती, हेही त्या काळाचे सत्य आहे, ते दाखवायला हवे.

जाण्यापूर्वी माधवरावांनी सतरा वर्षांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावाचा, हात चुलत्याच्या हाती दिला होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाचा खून केला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले आणि पुणे सोडले. ‘रामशास्त्री’ चित्रपट तेथून सुरू होणाऱ्या न्यायाची गोष्ट सांगतो, आणि खाडिलकरांचे १९०९ चे ‘भाऊबंदकी’ही त्याच दिवसांचे आहे. थंडी अजून दोन महिने आहे. ज्यांची ‘स्वामी’ पाहून झाली असेल त्यांनी ‘भाऊबंदकी’ ग्रंथसंग्रहालयातून आणून मोठ्याने वाचावे.