मनाई हुकूम आणि चवदार तळे

बुलडाण्याच्या कोर्टात आमच्याकडे खेड्यापाड्यांतून कार्यकर्ते येतात. ग्रामसभेची नोटीस निघाली नाही, ठराव मात्र रजिस्टरात लिहिला गेला, अशी तक्रार असते. रीतसर अर्ज करू म्हटले की तरुण चिडतात. कागद काळे करून काय होणार, मोर्चाच काढू, म्हणतात. त्यांचा राग आम्हाला कळतो. तरीही आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या चरित्रातले महाडचे पान सांगतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले, कोलंबिया व लंडन येथे शिकून बॅरिस्टर झालेले बाबासाहेब १९२७ साली महाडला गेले ते नियम हाती घेऊनच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना वापरू द्यावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. पण कागदावरच! २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर मंडपातल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या आणि पुढे नगरपालिकेने स्वतःचाच ठराव फिरवला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा सनातन्यांनी तळे खासगी असल्याचा दावा लावला, बाबासाहेबांना प्रतिवादी केले आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम मिळवला. २५ तारखेला हजारो माणसे जमली, तुरुंगात जायच्या तयारीने. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. पण सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली, पाण्याला कोणी हात लावला नाही. मनुस्मृती जाळणारा माणूस दिवाणी कोर्टाचा हुकूम मोडत नाही, हे आजही अनेकांना उमगत नाही. ज्या नियमाच्या जोरावर पाणी मागायचे तो आपणच मोडला, तर लाठीवाल्याला कोणत्या तोंडाने अडवायचे?

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. मधे गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, तारखा पडतच होत्या. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्याला अपील हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही तेच केले. अनादी काळापासूनची वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही.

१९४७ साली बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट यांची नावे घटनेच्या १५ व्या कलमात एकेक करून लिहिलेली आहेत. ते कलम आम्ही त्या तरुणांपुढे उघडून ठेवतो, आणि मग अर्ज लिहायला बसतो.