बांबू शोधायला निघालेला मास्तर आणि शंभर कार्डांचा थ्रीडी भारत

आपल्या चिमूरकडे बांबू म्हटलं की सुपं, टोपल्या, ताटवे आठवतात. पण एके काळी विजेचा बल्बही बांबूवर पेटायचा! एडिसनच्या दिव्यात हवा न लागू देता भाजून कोळसा केलेला बांबूचा तंतू असायचा. त्याहून टिकाऊ बांबू शोधायला 1888 मध्ये एडिसनने एका शाळामास्तराला आशियात पाठवलं. त्याचं नाव जेम्स रिकल्टन.

रिकल्टनचा जन्म 1844 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या वॅडिंग्टनचा. न्यू जर्सीत मेपलवूडला तो शिकवायचा आणि सुट्टी लागली की कॅमेरा घेऊन पायी भटकायचा. सिलोन, भारत, ब्रह्मदेश करत त्याने बांबूचे नमुने जमवले. पुढे कृत्रिम सेल्युलोजच्या तंतूने बांबूलाच हटवलं, म्हणजे ती मेहनत तशी वायाच गेली. भटकंतीची चटक मात्र लागली. 1891 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, त्याने शाळा सोडली आणि पुढे अंडरवूड अँड अंडरवूड कंपनीसाठी स्टिरिओ फोटो काढू लागला.

स्टिरिओ कार्ड म्हणजे त्या काळचा व्हीआर. आपल्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंच अंतर असतं, म्हणून दोन लेन्सचा कॅमेरा दोन किंचित वेगळे फोटो घेतो. ते 7 बाय साडेतीन इंचांच्या पुठ्ठ्यावर शेजारी चिकटवायचे, दुर्बिणीसारख्या स्टिरिओस्कोपमध्ये बघायचे, की मेंदू त्यांचं एकच खोल दृश्य करतो.

फिलिपिन्स, बॉक्सर बंडाच्या वेळचा चीन, 1903 चा दिल्ली दरबार, पोर्ट आर्थरचा वेढा, सगळीकडे रिकल्टन पोचला. भारताचा त्याचा संच शंभर कार्डांचा. सोबत त्याने लिहिलेलं पुस्तक आणि नकाशे. नकाशावर प्रत्येक फोटोच्या जागेपासून दोन लाल रेषा निघतात: कॅमेरा कुठे होता, किती भाग दिसतोय ते त्यावरून कळतं. जिओटॅगच की! मला तर फोटोंपेक्षा हीच कल्पना जास्त भारी वाटते.

असं कार्ड हाती आलं तर आधी भिंगाखाली धरा. ठिपके दिसले तर ती छापील स्वस्त आवृत्ती, खऱ्या फोटोत ठिपके नसतात. मग जवळची वस्तू मागच्या भिंतीच्या तुलनेत दोन्ही चित्रांत किंचित सरकलेली आहे का ते बघा. अजिबात फरक नसेल तर एकच फोटो दोनदा चिकटवलाय, त्यात खोली दिसणारच नाही. पुठ्ठा थोडा वाकडा असेल तर तो दाबून सपाट करू नका, मुद्दाम तसाच बनवलेला असतो. संच पूर्ण आहे का हे कार्डांवरच्या क्रमांकांवरून कळतं.

कडेला कीस्टोन नाव दिसलं म्हणून कार्ड बाजूला टाकू नका. अंडरवूडने नंतर आपल्या निगेटिव्ह कीस्टोनला विकल्या, त्यामुळे रिकल्टनचेच फोटो दुसऱ्या नावानेही फिरतात. तो स्वतः 1929 मध्ये वॅडिंग्टनलाच वारला.