पाण्याला भिणारा दर्यावर्दी : थॉर हेयरडाल

चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड पाहायला जाणे हा आमच्या घरचा जुना रिवाज. दोन होड्या शेजारी शेजारी आणायच्या, त्यांवर आडवे वासे आणि फळ्या टाकायच्या आणि सगळे दोराने जखडून टाकायचे, की सांगोड तयार. त्यावर बसून बाप्पा विसर्जनाला निघतात आणि काठावर माणसांची दाटी होते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील विसर्जनासाठी असाच एक सांगोड बांधायचे चालले होते. आम्ही पडलो पॉलिटेक्निकची पदविका घेऊन सरकारी खात्यात लागलेले. दोराऐवजी लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट लावा, काम पक्के होईल, असे आम्ही सुचवले. बांधणारे वयस्क होडेकार नुसते हसले. त्यांचे म्हणणे असे की, पाणी हलते तसे लाकूड हलते, आणि दोर दोघांनाही सांभाळून घेतो. बोल्टला सांभाळून घेणे ठाऊक नाही. आम्ही गप्प बसलो, पण मनातून पटले नव्हते.

पटले ते त्यानंतर काही महिन्यांनी, ‘कॉन-टिकी’ हा १९५० सालचा कृष्णधवल माहितीपट पाहिला तेव्हा. नऊ ओंडके दोराने बांधून केलेल्या तराफ्यावरून सहा माणसे पॅसिफिक महासागर ओलांडतात, एवढीच त्याची गोष्ट. नदीतल्या आणि समुद्रातल्या साहसांवर पुढे कितीतरी चित्रपट निघाले. आपल्या म्हादईच्या वेगवान पाण्यातही आता पावसाळ्यात रबरी तराफे उतरतात आणि मोबाईलवर त्यांची चित्रणे फिरतात. परंतु या प्रकारच्या चित्रपटांत ‘कॉन-टिकी’चा मान वेगळाच आहे. त्या चित्रपटामागे जो माणूस होता, त्याचे चरित्र या वर्षीच्या स्मरणिकेत द्यावे असे आम्हांस वाटले.

थॉर हेयरडाल यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१४ रोजी नॉर्वेतील लार्विक या बंदराच्या गावी झाला. वडिलांचा मद्य गाळण्याचा कारखाना होता. आईला प्राणिशास्त्राची आणि डार्विनच्या विचारांची आवड होती, ती मुलात उतरली. लहानपणी त्यांनी घरातच प्राण्यांचे छोटेसे संग्रहालय मांडले होते. मात्र समुद्रकाठी वाढलेल्या या मुलाला पाण्याची विलक्षण भीती होती. बालपणी बुडता बुडता वाचल्याने ती मनात बसली होती आणि मोठेपणापर्यंत त्यांना पोहता येत नव्हते. पुढे ज्यांचे नाव सागराशी कायमचे जोडले गेले, त्यांची सुरुवात ही अशी.

ओस्लो विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र आणि भूगोल यांचा अभ्यास केला. १९३६ च्या नाताळात लिव्ह नावाच्या तरुणीशी त्यांचे लग्न झाले आणि लगेच हे जोडपे पॅसिफिकमधील मार्केसास द्वीपसमूहातील फातू हिवा या बेटाकडे निघाले. यंत्रयुग सोडून निसर्गात राहायचे, हा बेत. प्रत्यक्षात पाऊस, डास आणि पायांना झालेल्या जखमा यांनी वर्षभरातच त्यांना जेरीस आणले. तथापि, त्या मुक्कामात दोन गोष्टी त्यांच्या मनात घर करून राहिल्या. एक म्हणजे, तिथला वारा आणि लाटा सतत पूर्वेकडून, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दिशेकडून येत. दुसरी म्हणजे, एका वृद्ध बेटवासीयाने सांगितलेली दंतकथा. आपला पूर्वज टिकी हा समुद्रापलीकडून, पूर्वेकडून आला, असे ती कथा सांगत होती.

यावरून हेयरडाल यांनी आपले मत बनवले, ते असे : पॉलिनेशियाच्या बेटांवर पहिली वस्ती आशियातून नव्हे, तर पेरूकडून झाली असावी. रताळे हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले पीक त्या बेटांवर फार पूर्वीपासून होते, हा त्यांचा एक भक्कम आधार. दरम्यान दुसरे महायुद्ध आले. हेयरडाल स्वतंत्र नॉर्वेच्या सैन्यात दाखल झाले आणि रेडिओचे शिक्षण घेऊन लढले. युद्ध संपल्यावर आपला प्रबंध घेऊन ते अमेरिकेतील विद्वानांकडे गेले. बहुतेकांनी तो वाचण्याचीही तसदी घेतली नाही. पेरूच्या प्राचीन लोकांकडे जहाजे नव्हती, फक्त बाल्सा लाकडाचे तराफे होते, मग ते येणार कसे, हा त्यांचा सवाल. एकाने तर, तुम्हीच तराफ्यावरून जाऊन पाहा, अशा अर्थाचा टोला हाणला. हेयरडाल यांनी तो टोला जसाच्या तसा मनावर घेतला.

बाल्साचे ओंडके पाहिजेत तर ते ओले, नुकते तोडलेले हवेत. किनाऱ्यावर मोठी झाडे उरली नव्हती आणि पावसामुळे रानाचा रस्ता बंद होता. म्हणून हेयरडाल आणि त्यांचे अभियंता मित्र हेर्मन वॉट्झिंगर इक्वेडोरमध्ये पर्वत ओलांडून, उलट्या बाजूने रानात शिरले. झाडे तोडली, ओंडके वेलींनी बांधून नदीत सोडले आणि स्वतः त्यांच्यावरच बसून समुद्रापर्यंत वाहत आले. पेरूच्या कायाओ बंदरात आरमाराच्या गोदीत तराफा बांधला गेला. नऊ ओंडके, मधला सर्वांत लांब ४५ फुटांचा. वर बांबूची खोप, एक चौकोनी शीड. खिळा, तार, बोल्ट काही नाही. सगळे वाखाच्या दोरांनी बांधलेले. बंदरातील जाणकारांनी हे पाहून डोक्याला हात लावला. लाकूड पाणी पिऊन बुडेल, किंवा ओंडके एकमेकांवर घासून दोर करवतीसारखे कापले जातील, असे त्यांचे भाकीत होते.

२८ एप्रिल १९४७ रोजी ‘कॉन-टिकी’ निघाली. सोबत पाच जण : वॉट्झिंगर, दिशा पाहणारे आणि चित्रकार एरिक हेसेलबर्ग, रेडिओ सांभाळणारे क्नूट हाउगलांड आणि टोर्स्टाइन राबी, आणि स्वीडनचे बेंग्ट डॅनियलसन. शिवाय एक पोपट. यांत दर्यावर्दी म्हणावा असा एकटा हेसेलबर्ग. हाउगलांड यांनी मात्र युद्धात नॉर्वेतील जड पाण्याचा जर्मन प्रकल्प उडवून देण्याच्या कामगिरीत भाग घेतला होता. म्हणजे माणसे खलाशी नसली तरी कच्च्या काळजाची नव्हती.

आमच्या होडेकारांचे बोल खरे ठरले ते इथे. बाल्साचे लाकूड मऊ. दोर त्यात रुतून बसले आणि लाकडानेच त्यांना घासण्यापासून वाचवले. ओल्या लाकडातील चिकाने पाणी फार आत शिरू दिले नाही. लाट वर आली तरी ओंडक्यांच्या फटींतून पाणी खाली निघून जाई, उपसावे लागत नसे. बोल्ट असते तर त्या लाकडाच्या चिंध्या झाल्या असत्या. रात्री उडते मासे आपणहून तराफ्यावर पडत, सकाळी तेच न्याहारीला. शार्क तर रोजचेच सोबती. आपल्याकडे बाजारात मोरी म्हणून मिळते तीच ही जात, फक्त अंगाने दांडगी. एकदा प्रचंड मोठा व्हेल शार्क तराफ्याखालून फिरू लागला आणि सर्वांची बोलती बंद झाली.

सर्वांत कठीण प्रसंग वादळात आला. वाऱ्याने उडालेली एक झोपायची पिशवी पकडायला गेलेले वॉट्झिंगर समुद्रात पडले. तराफा मागे वळवता येत नाही. तो वाऱ्याबरोबर पुढेच जाणार. वॉट्झिंगर मागे मागे पडत चालले. फेकलेली दोरी वारा परत आणून टाकत होता. तेव्हा हाउगलांड यांनी दोरी बांधलेले तरंगते कडे हातात घेऊन सरळ पाण्यात उडी घेतली आणि मित्राला गाठले. बाकीच्यांनी दोघांना ओढून घेतले. पोपट मात्र एके दिवशी लाटेत गेला तो गेलाच. प्रवासाच्या १०१ व्या दिवशी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, सुमारे ६,९०० किलोमीटर अंतर कापून तराफा रारोइआच्या प्रवाळ खडकावर आदळला. डोलकाठी मोडली, खोप चेपली. सहाही माणसे जिवंत बाहेर आली.

सोबत १६ मिलिमीटरचा एक छोटा कॅमेरा होता. चित्रण करणारे कोणी व्यावसायिक नव्हते, बहुतेक काम हेयरडाल यांनीच केले. परत आल्यावर डोक्यावर कर्ज होते, ते फेडण्यासाठी व्याख्याने द्यायची आणि सोबत ही फीत दाखवायची, असे चालले होते. पुढे स्वीडनचे ओले नूर्देमार यांनी त्यातून चित्रपट उभा केला आणि १९५१ सालच्या सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. चित्र हलते, पुसट होते, कित्येक वेळा नुसते पाणीच दिसते. वॉट्झिंगर बुडत असतानाचा प्रसंग तर त्यात नाहीच, कारण त्या वेळी प्रत्येक हात दोरीला लागलेला होता. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने या चित्रपटाची थोरवी नेमकी इथेच पाहिली. जे टिपता आले नाही, तेच संकट खरे असल्याची साक्ष देते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आज एका उडीचे चार कोनांतून चित्रण होते, तेव्हा हे आवर्जून आठवते.

प्रवासावर लिहिलेल्या पुस्तकाची भाषांतरे कितीतरी भाषांत झाली आणि हेयरडाल जगप्रसिद्ध झाले. परंतु ते स्वस्थ बसले नाहीत. १९५५-५६ मध्ये ईस्टर बेटावर त्यांनी पुरातत्त्वज्ञांचे पथक नेले. १९६९ साली त्यांनी इजिप्तमधील पिरॅमिडांजवळ पपायरस या लव्हाळ्याची ‘रा’ ही नौका बांधून घेतली. बांधणारे आफ्रिकेतील चाड सरोवराचे कारागीर होते. मोरोक्कोहून निघालेल्या या नौकेवर सात देशांचे सात जण होते. प्राचीन इजिप्तच्या चित्रांत नौकेच्या वळलेल्या शेपटीपासून खाली आलेला एक दोर दिसतो. तो केवळ शोभेचा आहे असे समजून यांनी तो ठेवला नाही. पुढे शेपटीचा भाग खचत गेला, पाणी भरले, आणि बार्बाडोस जवळ येत असताना नौका सोडून द्यावी लागली. एका दोराची किंमत अशी कळली. हेयरडाल यांनी चूक मान्य केली आणि पुढच्याच वर्षी बोलिव्हियातील टिटिकाका सरोवराच्या आयमारा कारागिरांकडून ‘रा-२’ बांधून घेतली. तिने ५७ दिवसांत अटलांटिक पार केला.

या प्रवासात ५७ पैकी ४३ दिवस समुद्रात तेलाचे डांबरी गोळे तरंगताना दिसले. त्याची नोंद त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवली. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर हेच डांबरगोळे येऊन पायांना चिकटतात. तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी ओरडून सांगणारा हा माणूस आठवल्याशिवाय राहत नाही.

१९७७ साली त्यांनी इराकमध्ये टायग्रिस आणि युफ्रेटिसच्या संगमाजवळ ‘टायग्रिस’ नावाची लव्हाळ्याची नौका बांधली. लव्हाळा ऑगस्टमध्ये कापला तरच तो तरंगत राहतो, हे त्यांना तिथल्या दलदलीत राहणाऱ्या लोकांनी शिकवले. सुमेर आणि सिंधू संस्कृती यांच्यात समुद्रमार्गे ये-जा शक्य होती, हे दाखवण्यासाठी ही नौका बहारीन, ओमान करत सिंधूच्या मुलखात पोहोचली आणि तिथून आफ्रिकेकडे वळली. मात्र तांबड्या समुद्राच्या तोंडाशी चहूकडे युद्धे पेटलेली होती, वाट बंद. ३ एप्रिल १९७८ रोजी जिबूतीला त्यांनी युद्धाच्या निषेधार्थ, शाबूत असलेली ती नौका स्वतः जाळली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विद्वानांनी त्यांचा मुख्य सिद्धांत मानला नाही आणि भाषा, अवजारे, रक्ताचे नमुने या सर्वांनी विद्वानांचीच बाजू खरी ठरवली. पॉलिनेशियन लोक आशियाकडून आले. ते स्वतःच अव्वल दर्जाचे दर्यावर्दी होते, वाऱ्याविरुद्ध नौका नेणारे. गोऱ्या, दाढीवाल्या लोकांनी त्यांना संस्कृती दिली, हे हेयरडाल यांचे म्हणणे तर त्या लोकांवर अन्यायच होता. तराफा जाऊ शकतो याचा अर्थ तो गेला होता असा होत नाही, ही साधी गोष्ट साहसाच्या भरात मागे पडली. घरीही सारे आलबेल नव्हते. फातू हिवाला बरोबर राहिलेल्या लिव्ह यांच्याशी त्यांचा संसार टिकला नाही, दुसराही मोडला. सततच्या प्रवासाची किंमत घरच्यांनी चुकती केली, आणि ती कोणत्याच चित्रपटात दिसत नाही.

१८ एप्रिल २००२ रोजी इटलीतील आपल्या घरी, वयाच्या ८७ व्या वर्षी, मेंदूतील गाठीच्या आजाराने त्यांचे निधन झाले. नॉर्वेने त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०२० मध्ये, जनुकांच्या अभ्यासातून एक निष्कर्ष पुढे आला. सुमारे आठशे वर्षांपूर्वी पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकेतील लोकांचा खरोखरच संबंध आला होता, आणि त्याची सर्वांत जुनी खूण फातू हिवा बेटावर सापडते. कोण कोणाकडे गेले हा वाद अजून मिटलेला नाही. मुख्य सिद्धांत चुकला तो चुकलाच. पण मधला समुद्र ही भिंत नव्हती, एवढे त्यांचे खरे निघाले.

कॉन-टिकी आज ओस्लोच्या संग्रहालयात आहे. आम्हांला या चरित्रातून घ्यावेसे वाटते ते इतकेच. पुस्तकी विद्वानाने करून पाहणाऱ्याला हसू नये, करून पाहणाऱ्याने अभ्यासाला कमी लेखू नये, आणि दोघांनीही होडी बांधणाऱ्या हातांना आधी विचारावे. यंदाही सातव्या दिवशी आम्ही कुंभारजुव्याला जाणार आहोत. आमच्या भागातील सांगोडाच्या वेळी नटबोल्टचा विषय काढणार नाही. दोराचे एक टोक धरायला द्या, एवढेच होडेकारांना सांगणार आहोत.

गणपती बाप्पा मोरया!