मेघनाद साहा : संशयाच्या वळणावरचा विद्यार्थी

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात झाला. वडिलांचे छोटे किराणा दुकान होते आणि मुलाने लवकरच त्यात बसावे, ही त्यांची अपेक्षा होती. शेजारच्या गावातील डॉक्टर अनंतकुमार दास यांनी त्यांना घरी ठेवून घेतले, म्हणून शिक्षण सुरू राहिले. तागाच्या कारखान्यात २० रुपयांवर राबणारे थोरले बंधू दरमहा ५ रुपये पाठवीत. १९०५ मध्ये गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकल्याबद्दल साहांची शाळा सुटली, शिष्यवृत्तीही गेली.

पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखे सहाध्यायी लाभले. मात्र वसतिगृहातील काही सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका भोजनगृहात जेवण्यास नकार दिला. वर्गात बुद्धीचा मान आणि पंगतीत जातीचा अपमान, असे ते दिवस होते.

१९१५ मध्ये गणितात एम.एस्सी. झाल्यावर खरा पेच उभा राहिला. गणित झेपत होते. परंतु त्यावर घर चालेल काय? त्यांनी विज्ञान सोडून सरकारी वित्तसेवेची परीक्षा देण्याचे ठरविले. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून तीही परवानगी नाकारली गेली. कलकत्ताभर सायकलवर फिरून शिकवण्या घेत त्यांनी दिवस काढले.

१९१६ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक नेमले. गणिताचा हा पदवीधर लवकरच पदार्थविज्ञान शिकवू लागला; एम.एस्सी.ला जे स्वतः शिकले नव्हते, ते आधी स्वतः अभ्यासून मग वर्गात शिकविले. याच अभ्यासातून १९२० मध्ये त्यांचे आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध झाले. ताऱ्याच्या प्रकाशपटावरून त्याचे तापमान उमगण्याची किल्ली जगाला मिळाली. १९२७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

विज्ञान शाखा सोडावी की काय, असा प्रश्न घेऊन आपल्या वसतिगृहातील मुले येतात, तेव्हा साहांचे चरित्र आठवते. त्यांचा संशय बुद्धीविषयी नव्हता, भाकरीविषयी होता. असा संशय एकट्या विद्यार्थ्याने फेडायचा नसतो. एका डॉक्टरांचे घर आणि एका भावाचे ५ रुपये त्यामागे उभे होते. आपल्या मुलांमागे तसे उभे राहणे, हे पालकांचे, माजी विद्यार्थ्यांचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.