करार झाला, पहारा कोणाचा?

खाजगी जमिनीवर बांधकाम होऊ नये, झाडे तुटू नयेत, असे बंधन मालकाच्या संमतीने जमिनीवरच घालून निसर्ग राखण्याची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रुळली आहे. मालकी बदलली तरी बंधन टिकते; पण ते पाळले जाते की नाही, हे पाहावयास जायचे कोणी? या संदर्भात ऑक्टेव्हिया हिल यांचे चरित्र उद्‌बोधक आहे.

त्यांचा जन्म १८३८ सालचा. वडिलांचे दिवाळे निघाल्यामुळे चौदाव्या वर्षीच खेळणी करणाऱ्या गरीब मुलांच्या कामावर देखरेख करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे रस्किन यांनी (गांधीजींना सर्वोदयाची दिशा दाखविणारे तेच) १८६५ साली लंडनच्या मॅरिलबोन भागातील मोडकळीस आलेली घरे घेऊन त्यांच्या स्वाधीन केली. हिलबाई दर आठवड्याला स्वतः भाडे वसूल करीत. भाडे हे निमित्त. तुंबलेले गटार, गळके छप्पर, भाडेकरूची अडचण हे सारे त्या उंबरठ्यावरच कळे आणि बिघाड लहान असतानाच दुरुस्त होई. याच कामासाठी त्यांनी अनेक स्त्रिया तयार केल्या. स्त्रियांच्या मताधिकाराला मात्र याच बाईंचा विरोध होता, हे नमूद केलेच पाहिजे.

लंडनजवळची स्विस कॉटेजची कुरणे त्यांना वाचविता आली नाहीत. तेथे घरे उठली. १८९५ साली हंटर व रॉन्स्ली यांच्यासह त्यांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापिला. वेल्समधील दिनास ओलाय ही साडेचार एकरांची टेकडी हे त्याला मिळालेले पहिले दान. १९१२ साली हिलबाई निवर्तल्या.

शेजारी स्वतःची जमीन नसतानाही दुसऱ्याच्या जमिनीवर असे बंधन राखण्याचा अधिकार ट्रस्टला १९३७ च्या कायद्याने मिळाला. कायद्याने हक्क दिला. पायपीट मात्र हिलबाईंच्याच पद्धतीची करावी लागते. करार करणारा मालक आपखुषीने बांधलेला असतो. कुरबूर होते ती बहुधा पुढच्या खरेदीदाराशी. म्हणून अमेरिकेतील न्यास कराराच्या वेळीच नकाशे व छायाचित्रे करून ठेवतात आणि वर्षातून एकदा तरी ती हाती घेऊन जमीन पाहून येतात. हिलबाईंच्या घरांची डागडुजी भाड्यातून भागत असे. करारबद्ध रानाला भाडे नाही. तेव्हा यांतील अनेक न्यास करारासोबतच देखरेखीसाठी ठेव मागून घेतात.